सासूबाई, खांब आणि माझी पाठ

पडलेल्या माणसाला, मग तो आजारी असो, आळशी असो की नुसता जेवून लवंडलेला असो, एका कुशीवर फार वेळ राहू द्यायचं नाही, असा जन्मभराचा विडा उचललेली बाई साऱ्या वऱ्हाडात एकच होऊन गेली, आणि माझ्या नशिबानं ती माझी सासू होती. नशिबानं हा शब्द मी आज वापरतो. माझी नडगी मोडली तेव्हा कोणी विचारलं असतं, तर दुसराच शब्द तोंडातून गेला असता. मी जन्माचा झोपाळू. जेवण झालं की ओसरीवर अंग टाकावं आणि गाई घरी येईपर्यंत जगाला विसरावं, यापलीकडे माझी देवाजवळ काही मागणी नव्हती. अशा माणसाला अशी सासू देणाऱ्या देवाला थट्टेची फार आवड असली पाहिजे.

तिची पहिली ओळख माझ्या लग्नातच आम्हा साऱ्या अमरावतीकरांना झाली. लग्न तिच्या गावी, अकोल्यापलीकडच्या बार्शीटाकळीला. पंगती उठल्या, विडे झाले आणि आमच्याकडची वडीलधारी मंडळी मांडवातल्या गारव्यात आडवी झाली. माझे चुलते देहानं दांडगे. ते उताणे पडून असे घोरत होते की वाजंत्रीवाल्यांनी आपणहून वाजवायचं थांबवलं. एवढ्यात पदर हनुवटीपर्यंत ओढलेली एक बाई आली. तिनं चुलत्यांच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नाही. त्यांच्या खालच्या गोधडीची दोन टोकं धरली, एक हिसका दिला, आणि चुलते शेजारी निजलेल्या भटजींच्या पोटावर गेले. "धरणी हलली!" म्हणून ते ओरडत उठले. पदराआडून शांत आवाज आला, "काई नाई झालं. कूस बदलली. निजा." चुलत्यांनी माझ्या वडिलांना बाजूला नेऊन विचारलं, "मुलगी तरी नीट पाहिली आहेस ना रे?" त्यानंतर वऱ्हाड परत निघेपर्यंत आमचा एकही माणूस त्या मांडवात पाठ टेकायला धजला नाही. सगळे बसल्या बसल्याच पेंगत होते.

आणि हे नुसत्या माणसांचं नव्हतं. माळ्यावर ठेवलेली डांगरं ती रोज पालथी-उताणी करी. वाळत घातलेल्या शेवयांसारख्या सरगुंड्या, उन्हातल्या उशा, कोनाड्यातल्या लोणच्याच्या बरण्या, कशालाच एका बाजूवर निवांत बसायची सोय नव्हती. माझी बायको सांगे की लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांच्याच आया झोपलेल्या पोरांना असं पालटवत असतील. कोणी तक्रार केली की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "भाकर एकाच बाजूनं ठेवली त करपते. मानूस काय भाकरीहून न्यारा हाये?" यावर काय बोलणार? मी तर बोलूच शकत नव्हतो, कारण आमच्या दोन्ही घरांत सासूनं जावयासमोर उघड्या तोंडानं यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि त्याला हात लावायचं तर नावच नको, असा कडक रिवाज होता. लग्न होऊन काही वर्षं झाली तरी तिचा चेहरा मला माहीत नव्हता. पदर माहीत होता. पांढरा असे.

मग तो कापसाचा काळ आला. दूर अमेरिकेत गोरे आपापसांत लढायला लागले, तिकडचा कापूस अडकला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी आमच्या काळ्या मातीकडे तोंड वळवलं. भाव असे चढायला लागले की सकाळी ऐकलेला भाव दुपारी सांगणारा माणूस खुळा ठरावा. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. भातकुलीचा एक पाटील म्हणे घोड्याला जिलेबी चारू लागला. आमचे थोरले बंधू, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते तर झोपेतही भाव पुटपुटायचे. शेतातला कापूस विकून झाला तेव्हा लोकांची नजर घरात फिरायला लागली, आणि एक दिवस कोणाच्या तरी डोक्यात आलं की आपण ज्याच्यावर निजतो तोही कापूसच आहे! झालं. गल्लीगल्लीतून गाद्यांच्या शिवणी उसवायला लागल्या. उशा गेल्या, लोड गेले, तक्के गेले. आमच्या नानांनी घरातली एकही गादी ठेवली नाही. रिकाम्या खोळींच्या घड्या घातल्या आणि म्हणाले, "निजायले काय, चटई बी चालते." सगळी अमरावती सोन्याचा घास खात होती आणि जमिनीवर निजत होती. गावातला पिंजारी तेवढा कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टांगून, डोक्याला हात लावून बसला होता.

अशा दिवसांत मी पडलो. कापसाच्या बोऱ्यांनी भरलेली गाडी बाजाराकडे चालली होती, मी वर चढून, अर्थातच, आडवा झालो होतो. चाक खड्ड्यात गेलं आणि मी रस्त्यावर. नडगी मोडली आणि कमरेत असा मार बसला की उठणं सोडा, उठायचा विचार केला तरी ब्रह्मांड आठवे. हाडवैद्य आला. चांगला जाणता माणूस. त्यानं बांबूच्या कांबी बांधल्या आणि सांगितलं, "हाड जुळेल. कंबरही येईल. पण दोन-तीन अमावास्या अंथरूण सोडायचं नाही." मला मनातून गुदगुल्या झाल्या. जन्मभर ज्याची आस धरली ते हुकमानं मिळत होतं!

माझा आनंद बार्शीटाकळीहून बैलांची एक दमणी येईपर्यंत टिकला. दमणीतून पांढरा पदर उतरला, आणि मागून गोधड्यांचा एक ढीग. सासूबाईंनी पाणी घेतलं नाही, की पाय धुतले नाहीत. दाराआडून लेकीला विचारलं, "पाठ पाह्यली का वं त्यायची?" बायको म्हणाली, "माय, पाय मोडला त्यायचा. पाठीले काही नाई झालं." "पाय त हाडवैद्य पाहीन. पाठ कोन पाहीन?"

तेव्हापासून माझी झोप संपली. माझ्या खोलीत मधोमध एक सागाचा खांब होता. सासूबाई त्याच्याआड बसायच्या, आणि मला बोलायचं नसल्यामुळे खांबाशी बोलायच्या. छपरातल्या झरोक्यातून उन्हाचा कवडसा उतरायचा, त्यावर त्यांचा सगळा हिशेब. कवडसा कणगीवर असला की डावी कूस. खांबावर आला की जरा उताणं, पण टाचेखाली गोधडीची वळी, टाच अधांतरी. उंबऱ्यावर गेला की उजवी कूस. "खांबा, ऊन आलं तुह्या अंगावर. सांग त्यायले." लगेच दोघी माय-लेकी माझ्या खालच्या गोधडीची टोकं दोन बाजूंनी धरायच्या, आणि बघता बघता मी अख्खा, मोडक्या पायासकट, लाकडाच्या ओंडक्यागत एका दमात पालटलेला असे. ओढणं नाही, घासणं नाही, की हाताचा स्पर्श नाही. रिवाजही सांभाळला जाई आणि कातडीही. हाडवैद्य एकदा आला असता त्यानं हे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "बरं करता. असंच करत राहा." मी मात्र कळवळून म्हणे, "खांबा, सांग त्यांना, आत्ताच डोळा लागला होता!" खांबाआडून उत्तर येई, "खांबा, डोळा लागू दे म्हना. पाठ लागू नये."

पाठ लागणं म्हणजे काय, हे मला तेव्हा ऐकूनच ठाऊक होतं. एकाच अंगावर पडून राहिलेल्या माणसाची कातडी हाडावर दबते, लाल होते, काळी पडते, आणि मग तिथे जे भोक पडतं त्यातून धडधाकट माणूससुद्धा जातो. सासूबाई त्यासाठी माझ्या अंथरुणावर भाकरीचा कण राहू देत नसत. चादरीला सुरकुती पडली तर लेकीला शिव्या. ओलं लुगडं अंथरुणाजवळून गेलेलंही खपत नसे. दुधातुपाचा आणि डाळीचा तर असा मारा होता की मी खांबाला विचारलं, मला बैलपोळ्याच्या बैलांत उभं करायचं आहे का? आणि रोज अंग पुसताना बायकोनं जिथे जिथे हाड वर येतं तिथे तिथे बघायचं, लाल दिसलं तर बोट दाबून सोडायचं, आणि मायला सांगायचं. बोट उचलल्यावर ती जागा आधी पांढरी पडून पुन्हा भरली, तर रक्त फिरतंय, काळजी नाही. लाल ती लालच राहिली, तर आतून बिघडायला लागलं.

गादीसाठी त्यांनी पहिल्याच दिवशी नानांकडे तोंड उघडलं होतं. पडवीत, माझ्या खोलीला लागूनच, नानांनी रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, मोठा ढीग भाव चढायची वाट बघत ठेवला होता. सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "नाना, एका गादीपुरती रुई द्या." नाना कळवळले. "मामी, मागा ते देतो. पन हा ढीग पुरा एका दलालाले बोललो हावो. त्याले विलायतेले धाडायचा हाये." "विलायतेत कोनाची पाठ लागून राह्यली हाये का?" यावर नानांनी अंथरायला कडबा पाठवून दिला. सासूबाईंनी तो गाईला घातला आणि आपल्या साऱ्या गोधड्या माझ्याखाली रचल्या.

पण घात केला तो समाचारानं. गाडीवरून पडलेल्या माणसाला भेटायला यायची आमच्याकडे रीत, आणि त्या वर्षी भेटायला येणारा प्रत्येक माणूस कापसाचा भाव घेऊन येत होता. एका दुपारी ओळखीचे सातआठ जण माझ्या खोलीत बैठक घालून बसले. त्यांनी मला खांबाला टेकवून अर्धवट बसतं केलं. मग मुंबईचा भाव, विलायतेचा भाव, पुढल्या हंगामाचा भाव! परपुरुषांनी भरलेल्या खोलीत सासूबाई येणार कशा? त्या दाराआडून मांजराला हाका मारत राहिल्या. "मने, ऊन उंबऱ्यावर आलं वं! मने, ऊन भिंतीवर चढलं वं!" पाहुण्यांतला एक म्हणाला, "मांजर लय लाडाची दिसते घरात." मीही गप्पांत असा रमलो होतो की कंबर बधिर झालेलीच बरी वाटत होती. दिवे लागले तेव्हा मंडळी उठली.

बायकोनं मला पुसायला घेतलं आणि तिचा हात थांबला. माकडहाडापाशी रुपयाएवढी लाल जागा. तिनं दाबली. खांबाआडून आवाज आला, "गेली का लाली?" बायकोनं पुन्हा दाबून पाहिलं. "गेली का वं?" "नाई, माय."  बायको ती जागा तेल लावून चोळायला गेली, तशी सासूबाई ओरडल्या, "चोळू नको! आतून पिकलेलं फळ हाये ते. त्याच्यावर भार देऊ नको, बस." मग मला कुशीवर घेतलं, पाठीशी गोधडीची वळी लावली, आणि लेक चुलीकडे गेल्यावर सासूबाई खांबाशी बोलायला लागल्या. इतक्या हळू की मलाच कान द्यावा लागला.

"खांबा, ह्या पोरीचा बाप तापानं पडला होता. तापावर आमी काय नाई केलं? काढे दिले, नवस केले. ताप उतरला बी. समदे म्हनाले, वाचला. पन इतके दिवस ते उताने पडून होते, आन् पाठ कोनीच पाह्यली नाई. मी बी नाई पाह्यली. ताप गेला आन् मानूस पाठीनं गेला. त्याच साली आमची गाय गोठ्यात बसली. उठेच ना. गड्यानं तिच्याखाली कडबा पसरला, तिले सकाळ-सांज कुशी पालटवली, आन् ते उठली! मी गोठ्यातच बसून रडली, खांबा. ढोराले पालटवाचं समद्यायले समजते. माह्या मानसाले कोनी पालटवलं नाई." मग म्हणाल्या, "पोरीचं कुंकू आता अठी निजून हाये. मी जाऊ देनार नाई."

माझी थट्टा तिथल्या तिथे विरली.   त्या दिवसापासून कवडसा कुठे आहे ते मी स्वतः बघायला लागलो.

दुसऱ्या दिवशी नाना दलालाला घेऊन पडवीत आले. दलाल रुईची मूठ घेऊन धागा ओढून बघतोय, नाना भाव लावतायत, उघड्या दारातून मी ऐकतोय. एवढ्यात पांढरा पदर माझ्या अंथरुणाला वळसा घालून निघाला. परपुरुषांच्या बैठकीत कधी पाऊल न टाकलेली ती बाई सरळ पडवीत गेली आणि त्या पांढऱ्या ढिगाऱ्याच्या मधोमध मांडी घालून बसली. कमरेपर्यंत आत गेली. दलाल बिचारा भला माणूस, त्यानं चटकन पाठ फिरवली. नाना हात जोडून म्हणाले, "मामी, उठा ना! काय करून राह्यल्या हे? लोक काय म्हनतीन?" पदराआडून आवाज आला, "मी विकाले बसली नाई, नाना. मले विलायतेले धाडा रुईसंगं, नाई त गादी भरा." दलालच आधी हसला. मग तोंड फिरवूनच म्हणाला, "नानासाहेब, बाईंसकट माल माझ्याच्यानं उचलवणार नाही." मग नानाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी आत डोकावून माझ्याकडे पाहिलं आणि गड्याला म्हणाले, "जा, पिंजाऱ्याले बोलाव."

पिंजारी धावत आला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या धनुकलीची तार गावात वाजत होती. ती ऐकून शेजारणी अंगणात जमल्या, कोणाच्या घरी लग्न आहे म्हणून. अंगणभर रुईचे पुंजके उडत होते, पोरं ते पकडत होती, सासूबाई दाराआडून ओरडत होत्या, "गठुळी नको ठेवू बापा, एक बी गठुळी नको!" संध्याकाळी मी त्या गादीवर पडलो. आहाहा! मी खांबाला म्हणालो, "आता काही पालटवायची गरज नाही, सांग त्यांना." खांब म्हणाला, "गादी एकटी काय करते? गादीवर बी पाठ लागते. ऊन पाहा."

त्यानंतर पाहुणे दारातूनच परत. मला उताणा म्हणून होऊ दिला नाही. इकडची कूस, तिकडची कूस, मध्ये तिरपा. रोज बोट, रोज तोच प्रश्न. आणि एका सकाळी बायको एकदम किंचाळली, "माय, गेली! पांढरी पडली वं, पांढरी पडून भरली!"  खांबाआडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग सासूबाई उठल्या, आणि त्या दिवशी त्यांनी जात्यावर बसून जी ओवी धरली ती वेशीपर्यंत ऐकू गेली असेल. पुरणपोळी झाली. मांजराला पहिली.

मी काठी घेऊन उभा राहिलो तोवर तिकडची लढाई संपल्याची बातमी येऊन थडकली होती. भाव असे कोसळले की घोड्याची जिलेबी बंद झाली. नानांचा उरलेला ढीग पडवीत तसाच राहिला. पण एक झालं, गावानं पुन्हा गाद्या भरल्या. धनुकल्या गल्लीगल्लीतून वाजायला लागल्या, आणि पिंजारी आमच्या दारावरून जाताना आत बघून हात जोडायचा. अमरावतीचं भाग्य गेलं आणि पाठ सुखावली.

वर्षं गेली. मग बार्शीटाकळीहून निरोप आला की सासूबाईंच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. आम्ही दोघं निघालो. त्या एका छोट्या खोलीत पडल्या होत्या, हलता येत नव्हतं. पदर मात्र हनुवटीपर्यंत. बायकोनं एका बाजूची गोधडी धरली. दुसरी धरायला कोणी नव्हतं. रिवाज गेला खड्ड्यात, मी दुसरी टोकं धरली, आणि सासूबाईंनीच शिकवलं होतं तसं त्यांना एका दमात पालटवलं. मग सवयीप्रमाणे मान फिरवून म्हणालो, "खांबा, सांग त्यांना, ऊन उंबऱ्यावर आलं होतं."

कुशीवरून जड, अडखळता आवाज आला. "अठी खांब नाई, जवाईबुवा. मलेच सांगा."

इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेला तो तिचा पहिला शब्द. मी खाली बसलो. पदर सरकला होता, तो कोणी सारखा केला नाही. बायकोसारखाच चेहरा, नुसता म्हातारा. आम्ही तो सगळा हंगाम तिथेच काढला. ऊन मी बघायचो, गोधडी दोघं धरायचो, आणि ती मला रागवायची, थेट मला. "सुरकुती राह्यली तिकडं, जवाईबुवा, डोये कोठी हायेत तुमचे?" तिला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायका बाहेर येऊन सांगत होत्या, बाईच्या पाठीवर साधा ओरखडा नाही हो.

मी अजून तसाच झोपाळू आहे. दुपारी त्याच खोलीत, त्याच गादीवर पडतो. कवडसा खांबावर आला की डोळे न उघडता माझी कूस आपोआप बदलते. मग मी खांबाला हळूच म्हणतो, "बदलली. सांग त्यायले."